पडसं, काढा आणि चार दिवसांची रजा

थंडी सुरू झाली की लहान मुलांच्या डॉक्टरकडे बसायला जागा उरत नाही आणि घरोघरी गॅसवर काढ्याची पातेली चढतात. आजार दोन्हीकडे एकच, साधं पडसं. पण दवाखान्यातली माणसं काढ्याकडे आणि काढेवाली माणसं दवाखान्याकडे जरा संशयानंच बघतात. आमच्या घरात हे दोन्ही पक्ष एका छपराखाली येतात. धाकटी बहीण पुण्यात बालरोगतज्ज्ञ आहे. आत्यानं माण तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाली. हिवाळ्यात ती बहिणीकडे राहायला येते. बहिणीचा मुलगा चार वर्षांचा, नुकताच शाळेत जाऊ लागलेला, त्यामुळे त्याचं नाक सारखं वाहत असतं. या वयाच्या मुलांना वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच, पण तेवढ्या वेळा घरात वाद होतो.

खाली दिलेलं बोलणं एका बैठकीतलं नाही. वेगवेगळ्या संध्याकाळी ऐकलेलं एकत्र मांडलं आहे. दोघींची बाजू मला मनापासून महत्त्वाची वाटते, म्हणून लिहितो आहे. जिथं मला एकीचं जास्त पटलं, तिथं तसं सांगितलंही आहे.

आत्या : पोराला दोन घोट काढा देते म्हटलं तर तू कपाळाला आठ्या घालतेस. तुळस, आलं, गवती चहा आणि गूळ. यात विष काय आहे?

बहीण : विष नाही गं. पण काढ्यानं सर्दी जाते असं तू शेजारणीला सांगत होतीस, ते मला खटकलं. सर्दी करणारे विषाणू शेकड्यानं आहेत. त्यातल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत. त्यांना मारणारं औषध अजून कुणाकडे नाही, तुझ्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्दी सगळ्यात जास्त असते, मग उतरू लागते. लोक काढा पितात तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी बरं वाटतं आणि श्रेय काढ्याला जातं.

आत्या : मग तुमच्या गोळ्यांनाही श्रेय तसंच जात असणार.

बहीण : हो, तसंच जातं.

आत्या : तर मग ऐक. विषाणू मरतो असं मी कधी म्हटलं नाही, मला तो दिसतही नाही. मला दिसतं ते एवढंच, की गरम प्यायल्यावर घसा सुटतो, अंगातली कणकण कमी होते, पोर जरा खेळायला लागतं आणि रात्री झोपतं. याला तुम्ही बरं वाटणं म्हणता, की त्यालाही पुरावा पाहिजे?

पुरावा आहे, आणि तो बहिणीनंच दिला. वेल्समध्ये कार्डिफ विद्यापीठात सर्दीच्या अभ्यासाचं एक केंद्र होतं. तिथं २००८ मध्ये सर्दी झालेल्या ३० जणांना फळांच्या रसाचं एकच पेय दिलं, काहींना गरम आणि काहींना खोलीच्या तापमानाचं. साध्या तापमानाच्या पेयानं वाहतं नाक, खोकला आणि शिंका यांना थोडा आराम पडला. गरम पेयानं त्याबरोबर घशाची खवखव, हुडहुडी आणि थकवाही लगेच कमी झाला, आणि तो आराम टिकला. त्या पेयात तुळस नव्हती की सुंठ नव्हती. म्हणजे आराम आला तो ऊब, गोडी आणि वास यांतून. आत्याला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे पातेलं गरम पाहिजे, एवढं तरी तुम्ही मान्य केलंत." बहिणीनं ते केलं. माझ्या मते काढ्याचं मोल ठरवायला एवढं पुरेसं आहे. काढा सुखद आहे, स्वस्त आहे, पोटात पाणी जातं. त्याला औषधाचा मान मिळालाच पाहिजे असा हट्ट कशाला?

पण काढ्यात काय आणि किती, या प्रश्नावर बहीण सैल सोडत नाही. २०२० मध्ये आयुष मंत्रालयानं एक काढा सुचवला होता : चार भाग तुळस, दोन भाग दालचिनी, दोन भाग सुंठ, एक भाग काळी मिरी. प्रमाण सौम्य होतं. लोकांनी त्यात मनानंच भर घातली आणि दिवसातून चार-चार वेळा प्यायले.

बहीण : त्या वर्षी पोटात आग पडलेली, तोंड आलेलं अशी किती माणसं पाहिली. गुळवेलीचं तर वेगळंच झालं. मुंबईतल्या यकृताच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला सूज आली होती.

आत्या : ती खरी गुळवेल नव्हती असंही म्हणत होते ना? दुसराच कुठला वेल असेल म्हणून.

बहीण : हो, मंत्रालयानं तसा आक्षेप घेतला होता. तो धरला तरी प्रश्न उरतोच. शहरातला माणूस कुंपणावरचा वेल तोडून आणतो, तेव्हा तो कुठला हे त्याला ओळखता येतं का?

आत्या : नाही येत. आमच्याकडे ओळखणारी माणसं होती, तीही आता थोडी उरली. तू म्हणतेस ते बरोबर आहे, वेल माहीत नसेल तर हात लावू नये.

बहीण : आणि काकांना तू रोज ज्येष्ठमध चघळायला देतेस, ते बंद कर. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. ज्येष्ठमधानं रक्तदाब वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम कमी होतं. घसा बसला तर एखादा दिवस तुकडा तोंडात धरणं वेगळं, महिनाभर चालू ठेवणं वेगळं.

आत्यानं डबीतलं ज्येष्ठमध त्याच संध्याकाळी बाजूला काढून ठेवलं. ती हट्टी आहे, पण कारण कळलं की लगेच ऐकते.

हळदीच्या दुधावरून मात्र तिला हलवणं कठीण. तिचा मुख्य पुरावा डॉ. रघुनाथ माशेलकर. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं होतं, त्याविरुद्ध माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर लढली आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं, ही गोष्ट तिनं अंगणवाडीतल्या आयांना कितीदा सांगितली असेल. बहिणीचं म्हणणं असं, की तो लढा हळदीच्या मालकीचा होता. हे ज्ञान आमच्याकडे आधीपासून आहे, ते कुणा एकाचं नव्हे, एवढं त्यात सिद्ध झालं. हळदीनं सर्दी बरी होते, हे त्यात सिद्ध झालं नाही. हळदीतलं कर्क्युमिन अंगात फार थोडं शोषलं जातं. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, की मिऱ्यातल्या पायपरिनबरोबर ते घेतलं तर शोषण कितीतरी पटींनी वाढतं.

आत्या : मी दुधात मिरपूड घालतेच.

बहीण : घालतेस, माहीत आहे. म्हणून तर तुझ्याशी भांडायला अडचण येते. पी तू आणि त्यालाही दे. झोपताना गरम दूध प्यायला मिळालं तर कुठल्याही पोराला बरंच वाटतं. फक्त त्याच्या भरवशावर ताप अंगावर काढू नकोस.

खरा खटका उडतो तो वाफेवरून. आमच्या लहानपणी सर्दी म्हणजे पाटावर उकळत्या पाण्याचं भगुलं, त्यात निलगिरीचे थेंब, डोक्यावरून चादर आणि वरून आत्याचा हात. नाक मोकळं व्हायचं हे मलाही आठवतं. बहीण मात्र आपल्या मुलाला भगुल्याजवळ फिरकू देत नाही.

बहीण : वाफेनं सर्दी लवकर जाते का, हे बऱ्याच अभ्यासांत तपासलं. ठाम फायदा दिसला नाही. थोडा वेळ मोकळं वाटतं, इतकंच. आणि त्या थोड्या वेळासाठी मी काय पाहिलंय सांगू? मांडीवर, पोटावर भाजलेली मुलं. पोर चादरीखाली घाबरतं, पाय झाडतं, भांडं कलंडतं. उकळतं पाणी आणि दोन वर्षांची कातडी, आत्या. त्या पोराला सर्दीसाठी आणलेलं असतं आणि ते दोन-दोन आठवडे भाजलेल्यांच्या वॉर्डात राहतं.

आत्या : मी कधी सोडून नाही गेले पोराला भांड्यापाशी.

बहीण : तू नाही गेलीस. पण तुझं बघून करणारी सतरा वर्षांची मामेबहीण जाते, तिचा फोन वाजतो.

आत्या यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मोठ्यांनी टेबलावर भांडं ठेवून घ्यायला हरकत नाही ना? बहीण म्हणाली, मोठ्यांनी खुशाल घ्यावी. लहानांसाठी न्हाणीघरात गरम पाणी सोडून दार लावून मांडीवर घेऊन बसावं, तेवढी वाफ पुरते. इथं मी पूर्णपणे बहिणीच्या बाजूचा आहे. घरगुती उपायाची पहिली अट ही, की त्यानं मूळ आजारापेक्षा मोठी इजा होता कामा नये. उकळत्या भांड्याचा वाफारा लहान मुलांच्या बाबतीत त्या अटीत बसत नाही.

धुरीचंही तेच. न्हाऊ घातलेल्या तान्ह्याला ओवा, वेखंड, लसणाची सालं निखाऱ्यावर टाकून धुरी द्यायची चाल अजून गावोगाव आहे. बंद खोलीतला धूर कोवळ्या फुप्फुसांना न्यूमोनियाकडे ढकलतो, चुलीच्या धुरानं होतं तेच इथंही होतं. आणि अंघोळीच्या वेळी नाकात तेलाचे थेंब! ते तेल श्वासावाटे फुप्फुसात उतरलं तर तिथं साचून राहतं आणि सूज येते. त्यावर औषध देणंही अवघड जातं. अंगणवाडीत असताना आत्या या दोन्ही चालींविरुद्ध बोलत आली होती, हे मला या वादातच कळलं. सासवा रागवायच्या, सुना गप्प बसायच्या, पण ती बोलत राहायची. ओव्याची पुरचुंडी मात्र ती सोडत नाही. कोरड्या तव्यावर ओवा भाजायचा, फडक्यात बांधायचा, आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं आणि मगच पोराच्या छातीवर, तेही सदऱ्यावरून. बहीण याला विरोध करत नाही. कापराचा बाम दोन वर्षांखालच्या मुलाला लावू नये आणि कुणाच्याही नाकपुडीत घालू नये, एवढंच तिचं सांगणं.

चोंदलेल्या नाकावर तिचा उपाय म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब. दूध पाजण्याआधी, झोपवण्याआधी घालायचे, मग नाक पुसून घ्यायचं. आत्याला हे फार आवडलं, कारण ती स्वतः रोज सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करते. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याकडे चालणारं मिठाच्या पाण्यानं नाक धुणं आणि गुळण्या, दोन्ही त्यांनी सर्दी झालेल्या मोठ्या माणसांना करायला लावलं, आणि त्यांची सर्दी सुमारे दोन दिवस आधी आटोपली. जपानमध्ये तर २००५ च्या एका अभ्यासात साध्या पाण्याच्या गुळण्या करणाऱ्यांना सर्दी कमी वेळा झाली, आयोडीनच्या औषधी गुळण्यांनी मात्र तसा फायदा दिसला नाही. जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून गार केलेलंच घ्यावं. नळाच्या किंवा विहिरीच्या कच्च्या पाण्यात क्वचित असा अमीबा असतो, की जो नाकातून थेट मेंदूत पोचतो.

मधाच्या बाबतीत दोघी एका बाजूला येतील असं वाटलं होतं.

बहीण : मधाला माझा पूर्ण पाठिंबा. खोकल्यावर रात्री झोपताना अर्धा ते एक चमचा मध. काहीच न देण्यापेक्षा तो चांगला ठरलाय आणि खोकल्याच्या नेहमीच्या औषधांपेक्षा कमी पडलेला नाही. आल्याच्या रसाचे दोन थेंब घालायचे तर घाल. पण वर्ष पुरं होईपर्यंत बाळाच्या जिभेला मध लावायचा नाही. एक बोटही नाही.

आत्या : जन्मल्या जन्मल्या मध चाटवतात, पाचवीला चाटवतात, गुटी उगाळून मधात देतात. आमच्याकडची सगळी पोरं मधावर वाढली.

बहीण : मधात काही वेळा एका जंतूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या रुजतात आणि त्यांचं विष स्नायू लुळे पाडतं. बाळ ओढत नाही, मान टाकतं, श्वास मंदावतो. क्वचित होतं. पण ते कुठल्या बाळाला होणार हे आधी कळत नाही, आणि मध न चाटवल्यानं कुणाचं काही अडत नाही.

आत्या : पहिले सहा महिने आईचं दूध, वर थेंबभर पाणीसुद्धा नाही, हे मी आयांना पाठ करून घेतलं. मधाचं तेवढं कधी तोडून बोलले नाही. बारशाला मध चाटवताना कोण अडवणार?

बहीण : तू अडव. तुझं ऐकतील, माझं ऐकणार नाहीत.

हे तिनं सहज म्हटलं, पण ते खरं आहे. गावातल्या घरात डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा आत्याच्या शब्दाला वजन आहे. म्हणून घरगुती उपायांचा विचार आत्यांना वगळून करताच येत नाही.

मग गाडी थंडीवर आली. डोकं भिजलं, गार वाऱ्यात फिरलं, ओल्या पायांनी बसलं की पडसं येतं, हे आत्याचं ठाम मत. डॉक्टर मंडळी पूर्वी यावर हसायची : सर्दी विषाणूनं होते, वाऱ्यानं होत नाही. बहीण आता हसत नाही. कार्डिफमध्येच २००५ मध्ये १८० जणांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांनी वीस मिनिटं गार पाण्यात पाय बुडवून ठेवले, निम्मे नुसते बसले. पुढच्या चार-पाच दिवसांत सर्दी झाली म्हणणारे पहिल्या ९० मध्ये १३ निघाले आणि दुसऱ्या ९० मध्ये ५. मग २०१५ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या पेशींवर दाखवलं, की नाकातल्या थोड्या गार तापमानाला, म्हणजे ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास, पेशींची विषाणूविरुद्धची पहिली फळी दुबळी पडते आणि ऱ्हायनोव्हायरस जोमानं वाढतो. विषाणू लागतोच, पण गारठा त्याला वाट करून देतो. कानटोपी आणि पायमोज्यांचा आत्याचा आग्रह इतका निराधार नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आणखी एका अभ्यासात सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक सर्दी झाल्याचं दिसलं. झोप हे तर दोघींच्याही यादीतलं औषध.

जीवनसत्त्व क च्या गोळ्यांचा विषय लवकर संपला. लायनस पॉलिंगसारख्या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञानं १९७० मध्ये पुस्तक लिहून त्या घरोघरी पोचवल्या, पण सर्दी झाल्यावर त्या सुरू करून फायदा होत नाही असंच पुढे दिसलं. आवळा आणि लिंबू खावं, कारण ते चांगले लागतात.

खाण्याच्या बाबतीत आत्याचं राज्य. दह्याला आणि केळ्याला सर्दीत तिची बंदी आहे. बहीण म्हणते बंदीला आधार नाही, जे आवडेल आणि जाईल ते मुलाला द्यावं. यावर दोघींची समजूत अजून पटलेली नाही. पण हुलग्याच्या माडग्यावर वाद संभवतच नाही. माणदेशात पाऊस थोडा, तरी हुलगा येतो, त्यामुळे घरात हुलग्याचं पीठ नाही असं होत नाही. आत्या हुलगे मंद आचेवर भाजते, सालं फुटून वास सुटेपर्यंत, मग जात्यावरच्यासारखं बारीक दळून आणते. पातेल्यात तूप, जिरं, ठेचलेला लसूण. लसूण लालसर झाला की पाणी, मीठ, किसलेलं आलं. पीठ गार पाण्यात कालवून वरून हळूहळू सोडायचं आणि पळी थांबवायची नाही, नाहीतर गुठळ्या होतात. पाच-सात मिनिटांत ते तपकिरी, दाटसर होतं आणि पळीवरून जाड धारेनं पडतं. वाटीला हात लावून पोर फुंकर मारत पितं, नाकाला घाम येतो, ते नाक बाहीला पुसतं. कोकणात हेच कुळथाचं पिठलं किंवा कळण, कोल्हापूरकडे त्या जागी अळणी रस्सा. आजारी मुलाला जेवण जात नाही तेव्हा ऊब, मीठ, पाणी आणि डाळीतली प्रथिनं एका वाटीत पोटात जातात. बहीण दवाखान्यातून आली की आधी तीच वाटी मागते.

आता बहिणीचा राग कुठं आहे ते सांगायला हवं, कारण तो काढ्यावर नाही. तिचा राग बाटलीवर आहे.

बहीण : लोक काढ्याला घाबरत नाहीत म्हणून मी काढ्याबद्दल बोलते. बाटलीला तर अजिबातच घाबरत नाहीत. मेडिकलमध्ये जाऊन सांगतात, पोराला सर्दी आहे, काहीतरी द्या. डिसेंबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी सांगितलं, की सर्दीचं ते नेहमीचं दोन औषधांचं मिश्रण चार वर्षांखाली वापरू नये, तसं बाटलीवर छापा. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रानं सांगितलं, दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीची औषधं लिहूनच देऊ नका, पाच वर्षांखालीही सहसा नको. का सांगावं लागलं? मध्य प्रदेशात छिंदवाड्याला साध्या खोकल्याची मुलं औषध पिऊन मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. सिरपात डायएथिलीन ग्लायकॉल होतं.

आत्या : ते नाव मी आधी ऐकलंय. मुंबईला जे.जे.मध्ये झालं होतं ना?

झालं होतं. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात दिलेल्या ग्लिसरिनमध्ये हेच रसायन होतं, त्यात १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं औषध खरेदीपासून तपासणीपर्यंतची सडलेली साखळी उघडी केली. तो अहवाल महाराष्ट्रानं वाचला होता. तरीही इतक्या वर्षांनी तेच विष त्याच वाटेनं पोरांच्या पोटात गेलं. ज्या आजाराला औषधच लागत नाही, त्या आजारासाठी ती मुलं गेली. हे लिहिताना माझा हात जड होतो. त्या घरांत कुणीतरी कोमट पाणी आणि मध देऊन दोन दिवस थांबा म्हणणारं असतं, आणि त्याचं ऐकलं गेलं असतं, तर?

आत्या : मग तुम्ही डॉक्टर लोक लिहून का देता? सगळी चिठ्ठी काही मेडिकलवाला लिहीत नाही. शेंबूड हिरवा झाला की तुमच्यातलेच अँटिबायोटिक सुरू करतात.

बहीण : करतात, आणि ते चूक आहे. शेंबूड पिवळा-हिरवा होतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे. साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी होतो. नुसत्या रंगावरून अँटिबायोटिक देऊ नये, विषाणूवर ते चालतही नाही. पण माझ्यासमोर आई बसलेली असते. सोमवारी शाळेत परीक्षा, तिला स्वतःला कामावर रजा नाही, पाळणाघरवाली सांगते वाहतं नाक घेऊन येऊ नका. ती मला विचारते, उद्यापर्यंत बरं होईल असं काही द्या. मी तिला सांगते आठ-दहा दिवस लागतील, खोकला तर दोन-तीन आठवडे रेंगाळेल. ती उठते आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जाते.

आत्या : माझ्याकडच्या बाया खुरपायला जायच्या. रोज बुडाला की संध्याकाळची चूल अडायची. त्याही उद्यापर्यंतच मागायच्या.

दोघींचं भांडण ऐकता ऐकता मला इथं वाटलं, की त्या एकच गोष्ट मागत आहेत. आत्याचा काढा, माडगं, पुरचुंडी आणि बहिणीचा मध, मिठाचे थेंब, झोप, या सगळ्यांना कुणीतरी घरी असावं लागतं. पोराशेजारी बसायला, पाजायला, रात्री उठून बघायला. पडसं आपल्या वेळेनं जातं, तेवढा वेळ मिळाला तर त्याचं ओझं होत नाही. बाटलीची मागणी उभी राहते ती तो वेळ नसल्यामुळे. शाळेनं सर्दीच्या चार दिवसांसाठी दाखला मागू नये, कामाच्या जागी आजारी मुलासाठी रजा मिळावी, ही औषधाइतकीच आरोग्याची बाब आहे असं मी मानतो, आणि डॉक्टरांनी ते चिठ्ठीवर लिहायला सुरुवात करावी.

थांबायचं, पण डोळे मिटून थांबायचं नाही. ही बाजू मला आत्यानं एका रात्री दाखवली. भाच्याला खोकला होता आणि तो झोपला होता. बहीण अजून दवाखान्यात. आत्यानं दिवा लावला, त्याचा सदरा छातीपर्यंत वर केला आणि मनगटावरचं घड्याळ काढून उशीवर ठेवलं. पोट वर गेलं की एक. पूर्ण मिनिटभर, ओठ हलवत, मध्ये कुणी बोललं तर हात वर करून थांबवत. मग फासळ्यांखाली बोटानं दाखवलं : श्वास घेताना इथं खड्डा पडतोय का बघ. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असला, की ती सर्दी उरली नाही, दवाखाना गाठायचा. हे तिला नोकरीत शिकवलं होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या साध्या बायांना आणि सुइणींना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, श्वास मोजायला मण्यांचं साधन दिलं आणि त्यामुळे बालमृत्यू कमी झाल्याचं १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये मांडलं. अक्षर न येणाऱ्या बाईलाही मोजता येतं, हे त्यांनी जगाला दाखवलं. भाच्याचा श्वास २८ भरला. आत्यानं सदरा खाली ओढला, पांघरूण नीट केलं.

बहीण घरी आल्यावर मी हे सांगितलं. तिनं विचारलं, "पूर्ण मिनिट मोजलास का, अर्ध्या मिनिटाचे दुप्पट केलेस?" आत्या म्हणाली, "अर्ध्याचे दुप्पट करायचे नसतात, लहान पोराचा श्वास एकसारखा नसतो." बहीण म्हणाली, हेच मी शिकाऊ डॉक्टरांना सांगून थकते.

त्या हिवाळ्यात दोघींनी मिळून दवाखान्यात वाटायला एक पान तयार केलं. बहिणीनं मसुदा लिहिला : वर घरचे उपाय, मध, मिठाचे थेंब, गरम पातळ खाणं, झोप. मग काय करू नये, म्हणजे तान्ह्याला मध, धुरी, उकळत्या भांड्याची वाफ, नाकात तेल, मनानं आणलेली बाटली. आणि शेवटी दवाखान्यात कधी यायचं : श्वास जलद, छातीत खड्डा, ओठ निळसर, पोर पीत नाही, गुंगून पडलंय, तीन दिवसांवर ताप, बरं होत आलेलं पुन्हा बिघडलं, कान दुखतोय, तीन महिन्यांखालच्या बाळाला कसलाही ताप.

आत्यानं पान हातात घेऊन चष्म्यातून वाचलं आणि परत दिलं. म्हणाली, क्रम चुकलाय. घाईतली आई पहिल्या चार ओळी वाचते आणि कागद पिशवीत टाकते. दवाखान्यात कधी यायचं ते सगळ्यात वर घे, मोठ्या अक्षरात, आणि श्वास मोजायची रीत त्याच्याखाली लगेच. काढा आणि माडगं खाली गेलं तरी चालेल, ते सांगायला घरात कुणी ना कुणी असतं.

बहिणीनं पान तसं बदललं. केळ्याबद्दलची ओळ कुणी लिहायची यावर एकमत झालं नाही, म्हणून ती गाळली.